पुस्तकाचा मजकूर एकाच फाइलीत अडकून राहू नये

मा. संपादक,

स.न.वि.वि.

जुनी मराठी पुस्तके मिळत नाहीत, पुनर्मुद्रणे रखडतात, ई-पुस्तके निघत नाहीत, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून दिसते. तिच्यामागे अर्थकारण आहेच, पण एक निखळ तांत्रिक कारणही आहे. त्यावर पॅनडॉक हे एका प्रकारच्या फाइलीतून दुसऱ्या प्रकारची फाइल काढून देणारे साधन विनामूल्य उपलब्ध असताना मराठी प्रकाशन व्यवहारात आणि विद्यापीठांत त्याचे नावही फारसे निघत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. प्रबंध, त्रैमासिके, स्मरणिका आणि छोट्या प्रकाशकांची पुस्तके हे माझे रोजचे काम आहे.

पुस्तक छापायला जाते तेव्हा त्याच्या मजकुराचे काय होते, हे आधी सांगितले पाहिजे. लेखक वर्डची फाइल देतो. अक्षरजुळणीकार तो मजकूर पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो. पहिले, दुसरे, तिसरे प्रूफ कागदावर तपासले जाते आणि सगळ्या दुरुस्त्या पाने लावलेल्या त्या फाइलीतच होतात. परिणामी लेखकाकडची वर्डची फाइल जशी होती तशीच अशुद्ध राहते आणि शुद्ध, अंतिम मजकूर फक्त अक्षरजुळणीकाराच्या संगणकावर उरतो. पुढे कधीतरी दुसरी आवृत्ती काढायचे ठरते, तोवर तो संगणक बाद झालेला असतो. किंवा फाइल सापडते, पण ती पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची असते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली, आणि आजच्या संगणकावर तिच्यातली फाइल उघडणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. हाती उरते ती पीडीएफ. तिच्यात कोणते अक्षर पानावर कुठे बसले आहे याची नोंद पक्की असते, पण परिच्छेद कुठे संपला, तळटीप कोणत्या शब्दाची, मथळा कोणता, याची नोंद बहुधा नसते. मग सगळे पुस्तक पुन्हा टंकलिखित करून पुन्हा तपासावे लागते, आणि बहुतेक छोटे प्रकाशक या टप्प्यावर तो विचारच सोडून देतात.

आता पॅनडॉकविषयी. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक जॉन मॅकफार्लन यांनी हे साधन २००६ साली प्रथम प्रसिद्ध केले. ते मुक्त परवान्याखाली आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत. टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याच्या काळ्या पडद्यावर आधी पॅनडॉकचे नाव, मग मूळ फाइलचे नाव, मग आडवी रेघ आणि ओ हे अक्षर, आणि शेवटी हव्या असलेल्या फाइलचे नाव एवढी एक ओळ लिहायची. दोन्ही नावांच्या शेवटी जी ओळख असते, म्हणजे डॉक्स (वर्ड), ओडीटी (लिबरऑफिस), टेक्स (लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली), ईपब (ई-पुस्तक) किंवा एचटीएमएल (संकेतस्थळाचे पान), तिच्यावरून कशाचे काय करायचे आहे हे त्याला कळते. एका प्रकरणाच्या वर्ड फाइलीतून लाटेकची फाइल निघायला डोळ्याचे पाते लवायचीही वाट पाहावी लागत नाही, आणि तळटीपा तळटीपा म्हणूनच येतात. हे तळटीपांचे मी मुद्दाम सांगते, कारण हाताने मजकूर चिकटवताना सर्वांत आधी त्याच हरवतात.

हे कसे घडते ते समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण या साधनाची ताकद आणि त्याच्या मर्यादा दोन्ही त्यातूनच कळतात. दहा प्रकारच्या फाइलींचे एकमेकींत थेट रूपांतर करायचे तर नव्वद वेगवेगळे रूपांतरक लिहावे लागतील. पॅनडॉक तसे करत नाही. तो प्रत्येक प्रकारची फाइल वाचून तिच्यातून आधी दस्तऐवजाचा सांगाडा तयार करतो, आणि मग त्या सांगाड्यावरून हव्या त्या प्रकारची फाइल लिहितो. म्हणजे दहा वाचणारे आणि दहा लिहिणारे भाग पुरतात. या सांगाड्यात काय असते? हा पहिल्या पातळीचा मथळा, हा परिच्छेद, हे शब्द ठळक, हे अवतरण, ही यादी, हे कोष्टक, ही तळटीप, हे चित्र, हे गणिताचे सूत्र, हा संदर्भ. काय नसते? फाँट कोणता, अक्षर किती पॉइंटचे, समास किती इंचांचा, मजकूर पानाच्या मध्यभागी आहे की डावीकडे. हे सारे तो बाजूला ठेवतो. मजकुराचा अर्थ एकीकडे आणि त्याची सजावट दुसरीकडे, हाच सगळ्या व्यवहाराचा पाया आहे.

आपल्याकडच्या प्रबंधांची अडचण नेमकी इथे सुरू होते. ‘प्रकरण तिसरे’ हे शब्द निवडायचे, ठळक करायचे, आकार अठरा करायचा आणि ओळ मध्यभागी न्यायची, अशीच बहुतेकांची सवय आहे. डोळ्यांना तो मथळा दिसतो. पॅनडॉकला मात्र तो एक ठळक परिच्छेद दिसतो, कारण वर्डमध्ये ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावलेली नसते. अशा फाइलीतून ईपब केले तर साडेतीनशे पानांचा प्रबंध एकसलग मजकूर होऊन येतो. अनुक्रमणिका नाही, एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय नाही. तीच फाइल स्टाइल लावून केलेली असली, तर अनुक्रमणिका आज्ञेतल्या एका शब्दाने आपोआप तयार होते आणि प्रकरणे वेगळी होतात. संतसाहित्यावरच्या प्रबंधांत आणखी एक गोष्ट घडते. अभंगाचे चरण स्पेसबार दाबून दाबून सरकवलेले असतात आणि रूपांतरात ते सगळे अंतर आकसून जाते. पॅनडॉकच्या मार्कडाउन या खूणपद्धतीत (तिच्याविषयी पुढे लिहिते) प्रत्येक चरणाच्या आरंभी उभी रेघ दिली की ओळी जिथल्या तिथे मोडतात आणि सुरुवातीची मोकळी जागाही टिकते. ओव्या आणि अभंग छापणाऱ्या प्रत्येकाने ही सोय माहीत करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

मार्कडाउन ही २००४ साली जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलेली खूणपद्धती आहे. मथळ्याआधी हॅशचे चिन्ह, जोर द्यायच्या शब्दांभोवती तारका, अशा मोजक्या खुणा घातलेला हा साधा मजकूर असतो. तो नोटपॅडमध्येही उघडतो आणि कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहत नाही. मूळ मजकूर याच रूपात ठेवावा आणि छपाईसाठी लाटेक, वाचन यंत्रांसाठी ईपब, संकेतस्थळासाठी एचटीएमएल आणि विद्यापीठासाठी वर्ड अशा प्रती त्यातून हव्या तेव्हा काढाव्यात, ही पद्धत मला सर्वांत निर्धोक वाटते. विद्यापीठाने विशिष्ट फाँट आणि समास सांगितलेले असतील, तर त्या मापांची एक नमुना वर्ड फाइल करून ती आज्ञेत संदर्भ म्हणून दिली की सगळी प्रकरणे त्याच साच्यात बाहेर येतात. मराठीत काम करणाऱ्याने एक खबरदारी मात्र घ्यावी. यादीची सुरुवात देवनागरी अंकांनी केली तर मार्कडाउन तिला यादी म्हणून ओळखत नाही आणि सर्व मुद्दे एका परिच्छेदात ओघळतात. मूळ फाइलीत इंग्रजी अंक ठेवून छापील प्रतीत देवनागरी अंक आणणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे.

आता सर्वांत अवघड भाग. पॅनडॉक आत येणारा आणि बाहेर जाणारा सगळा मजकूर यूटीएफ-८ या युनिकोड रूपात आहे असे धरून चालतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. पण आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे पुस्तके जुन्या फाँटांत जुळवली गेली, आणि काही ठिकाणी आजही जुळवली जातात. या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेव फाँटात ‘किरण’ हा शब्द टाइप केला तर फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी एफ, डी, जे, पूर्णविराम आणि के एवढेच साठवले जाते. एफ ही पहिली वेलांटी, डी म्हणजे क, जे म्हणजे र आणि शेवटची दोन चिन्हे मिळून ण. पॅनडॉक फाँटची माहिती बाजूला ठेवतो हे वर सांगितलेच. त्यामुळे अशी वर्ड फाइल त्याच्याकडे दिली की बाहेर येतात ती नुसती इंग्रजी अक्षरे, ज्यांचा कोणत्याही भाषेत अर्थ लागत नाही.

असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि ते काम नुसत्या अक्षराला अक्षर बदलून होत नाही. जुन्या फाँटात चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. ‘धर्म’ या शब्दातला रफार जुन्या फाँटात म नंतर असतो. युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी हवेत. हे क्रम बदलून देणारे रूपांतरक आहेत आणि ते बऱ्यापैकी काम करतात. पण परिच्छेदात मधेच खरे इंग्रजी नाव असेल तर त्या नावाचाही देवनागरी काला होतो, कारण कोणते अक्षर खरे इंग्रजी आणि कोणते सोंग घेतलेले, हे फक्त फाँटच्या नोंदीवरून कळते. म्हणून ही पायरी वर्ड किंवा लिबरऑफिसमध्येच, फाँटची नोंद शाबूत असताना, उरकून घ्यावी आणि मगच फाइल पॅनडॉककडे द्यावी. एका त्रैमासिकाचे जुने अंक मी याच क्रमाने सोडवले आणि त्यांतल्या लेखांचे ईपब आता दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर ऐकतात. त्याच अंकांच्या जुन्या पीडीएफ फाइली त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरांची बडबड करत असत. दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ करण्याविषयीचा माराकेश करार जगात सर्वप्रथम आपल्या देशाने २०१४ साली मंजूर केला. त्याचा लाभ मराठी वाचकाच्या कानापर्यंत पोहोचायचा असेल तर मजकूर युनिकोडमध्ये असणे ही पहिली अट आहे.

सर्व मजकूर युनिकोडमध्ये असला तरीही पहिल्या प्रयत्नात अनेकांचा हिरमोड होतो, म्हणून पीडीएफ काढण्याविषयी थोडे लिहिते. पॅनडॉक पीडीएफसाठी सहसा लाटेकची मदत घेतो. लाटेकच्या मुळाशी असलेली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली डोनाल्ड कनूथ यांची आहे, आणि देवनागरीचाही तिच्याशी संबंध जुना आहे. ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थाइस यांनी १९९१ साली रोमन लिपीत टाइप करून देवनागरी छापण्याची व्यवस्था टेकसाठी केली होती. पुढे २००४ साली जोनाथन क्यू यांचे झीटेक आले आणि युनिकोड देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. पण पॅनडॉक स्वतः होऊन ज्या इंजिनाकडे जातो ते पीडीएफ-लाटेक, आणि त्याला देवनागरी अक्षर दिसताच ते चूक दाखवून थांबते. आज्ञेत झीलाटेकचे नाव दिले की पीडीएफ निघते, तरी पाने कोरी दिसतात, कारण आपोआप निवडल्या जाणाऱ्या फाँटात देवनागरी अक्षरेच नाहीत. पडद्यावर ‘हे अक्षर या फाँटात नाही’ अशा अर्थाच्या सूचनांची रांग लागलेली असते, ती वाचावी. मुख्य फाँट म्हणून आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा नोटो सेरिफ देवनागरी दिला की अक्षरे उमटतात. तेव्हाही जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी व्यंजनानंतर बसलेली दिसली, तर फाँटच्या पर्यायांत देवनागरी ही लिपी नमूद करायची राहिली आहे असे समजावे. इंजिन, फाँट आणि लिपी या तीन गोष्टी एकदा फाइलीच्या आरंभी नोंदवून ठेवल्या की पुढच्या प्रत्येक प्रकरणासाठी तीच ओळ चालते. एवढ्या माहितीअभावी ‘मराठीला हे चालत नाही’ असा शिक्का बसतो, तो अन्यायाचा आहे.

मराठीच्या काही बारकाव्यांत हे साधन तर अतिशय कामाला येते. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ या शब्दांतला आडवा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. कोणी नुक्ता असलेला ऱ वापरतात, कोणी साध्या र ला हलन्त देऊन एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. ‘ॲ’ या स्वराचेही तसेच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, पण त्याआधीची अ वर चंद्र देण्याची रीत अजून चालू आहे. छापील पानावर फरक दिसत नाही. शोध घेताना मात्र एका रूपात लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपात शोधला की सापडत नाही, आणि शब्दसूची तर पार बिघडते. पॅनडॉकमध्ये लुआ या संगणकीय भाषेतला छोटा फिल्टर, म्हणजे मजकूर बदलणारा छोटा प्रोग्राम, जोडता येतो, जो सांगाड्यातल्या मजकुरावरून फिरून सगळीकडे एकच रूप करतो आणि संकेतस्थळांचे पत्ते किंवा गणिती सूत्रे यांना हात लावत नाही. अनेक लेखकांचे लेख एकत्र करून ग्रंथ काढणाऱ्या संपादकाचे किती कष्ट यातून वाचतात, हे ज्याने तशी शब्दसूची हाताने केली आहे त्याला विचारावे.

या साधनाला सारे काही येते असे मी म्हणणार नाही. पीडीएफ त्याला लिहिता येते, वाचता येत नाही, त्यामुळे जिथे फक्त पीडीएफ उरली आहे तिथे त्याचा इलाज चालत नाही. एकात एक मिसळलेले रकाने असलेली गुंतागुंतीची कोष्टके रूपांतरात मोडतात आणि हाताने सावरावी लागतात. दिवाळी अंकाचे रंगीत, जाहिरातींनी भरलेले, चित्रांभोवती मजकूर वळवलेले पान लावणे हे त्याचे कामच नाही. तिथे कलाकाराचा हात हवा. तिथेही मजकूर इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येईल अशा आयसीएमएल रूपात पॅनडॉक देतो, मथळे आणि परिच्छेद आपापल्या स्टाइलसह येतात, आणि पाने लावणाऱ्याचा निम्मा वेळ चिकटवण्यात जात नाही.

आणखी एका कारणासाठी मी हे साधन आग्रहाने सुचवते. फाइल बदलायची म्हणून अनेकजण ती इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुकट रूपांतर सेवेवर चढवतात. अप्रकाशित कादंबरी, परीक्षण व्हायचा प्रबंध, एखाद्या संस्थेची कागदपत्रे अशा रीतीने अनोळखी संगणकावर जातात आणि तिथे त्यांचे पुढे काय होते ते कोणी विचारत नाही. पॅनडॉक आपल्याच संगणकावर चालतो आणि रूपांतराला इंटरनेटची गरज लागत नाही.

विद्यापीठांच्या नियमावल्यांत प्रबंधाचा फाँट, अक्षराचा आकार, समास आणि बांधणी यांविषयी बारकाईने सांगितलेले असते. त्यातच आणखी दोन वाक्ये घालावीत: मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि मथळ्यांना स्टाइल लावलेल्या असाव्यात. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी पीडीएफ घेतली जाते तेव्हा ज्या फाइलीतून ती निघाली ती मूळ फाइलही ग्रंथालयाने जपून ठेवावी. सार्वजनिक खर्चाने पुस्तके काढणाऱ्या राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासारख्या संस्थांनी प्रत्येक नव्या पुस्तकाच्या पीडीएफसोबत त्याचे ईपब आणि साधा मजकूरही वाचकांना खुला करावा. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांत वर्ड शिकणाऱ्या हजारो मुलामुलींना अक्षरे ठळक करण्याआधी स्टाइल लावायला शिकवले, तर पुढच्या पिढीचे दस्तऐवज आपोआप सोडवता येण्याजोगे होतील. टर्मिनलची एक ओळ शिकवायला त्यानंतर एक तास पुरेल.

प्रकाशकांना माझी विनंती कराराविषयी आहे. अक्षरजुळणीच्या करारात फक्त छपाईची पीडीएफ मिळेल असे लिहिलेले असते, किंवा बहुधा काहीच लिहिलेले नसते. शेवटच्या प्रुफानंतरचा शुद्ध मजकूर, युनिकोडमध्ये आणि पॅनडॉकला वाचता येईल अशा रूपात, प्रकाशकाला आणि लेखकाला द्यावा असे कलम त्यात असायला हवे. माझ्याच व्यवसायातल्या काहींना यात धोका वाटतो. मजकूर देऊन टाकला तर पुढच्या आवृत्तीचे काम हातचे जाईल, असे ते म्हणतात. त्यांची काळजी मला कळते, कारण या धंद्यात दर आधीच पडलेले आहेत. पण शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या मूळ मजकुरात उतरवून ती फाइल स्वच्छ करणे हे कौशल्याचे आणि मेहनतीचे काम आहे आणि त्याचा मोबदला वेगळा मागावा. मी बिलात त्याची वेगळी ओळ लावते, आणि ती कशासाठी आहे हे समजावून सांगितल्यावर माझ्याकडे येणारे प्रकाशक ती मान्य करतात.

आपली विश्वासू,
एक अक्षरजुळणीकार, मिरज